चादर हलत नव्हती

६ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या शिवणखोलीत आता जरा ताठ मानेने वावरायला लाग, कारण तुझी भिंगरी टीव्हीवर येणार आहे. आई म्हणाली फोन कर. पण यंत्रमागांनी तुझे कान खाल्ले तेव्हापासून तुला फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे. शिवाय एवढी मोठी बातमी ओरडून सांगितली तर तुझ्याआधी सगळ्या गल्लीला कळेल. (गल्लीला आईने आधीच सांगून टाकलंय, ही गोष्ट वेगळी.)

त्याचं असं झालं. माझ्या वाऱ्यावर वीज करणाऱ्या चक्राची बातमी पेपरात आली होती ना, ती वाचून एका वाहिनीच्या बाई आमच्या घरी आल्या. मोठ्या चष्म्याच्या आहेत, म्हणून आम्ही त्यांना चष्मेवाल्या बाईच म्हणतो. हवामान बिघडत चाललंय, मोठी माणसं नुसत्या बैठका घेतायत, तर पोरं काय करतायत ते दाखवायचं, असा त्यांचा कार्यक्रम आहे. मी त्यांना सरळ सांगितलं की मी जगबिग वाचवायला काही केलं नाही. वीज गेलेली असताना आजोबा जिन्यात पडले, त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला, म्हणून मला जिन्यात उजेड हवा होता. त्यांना ते फारच आवडलं. हेच पुन्हा म्हण, म्हणाल्या.

तू चक्र कसं केलं विचारलं होतंस. निळं प्लास्टिकचं पिंप उभं चिरलं, त्याचे दोन अर्धे एकमेकांकडे पाठ करून दांड्याला बसवले, खाली सायकलचं चाक, आणि चाकाला भंगारातल्या वॉशिंग मशीनची मोटर. बॅटरी अजून नाही, त्यामुळे वारा असेल तेवढा वेळच जिन्यातले दिवे लागतात. तू पाठवलेली ती निळ्या काठाची बाद चादर गच्चीवरच्या दोरीवर कायम टांगलेली असते. ती उचलली गेली की चक्र फिरतं, ती लोंबली की चक्रही गप्प.

आणि तीच धास्ती आहे. सध्या वारा पार मेलाय, चादर नुसती लोंबतेय. आईने पाण्याची टाकी रंगवून घेतली आणि माझ्या मागे लागलीय की केस नीट बांध. चक्रापेक्षा तिला माझ्या केसांची काळजी. आजोबा मात्र म्हणतात, येईल वारा, तू कशाला घाबरतेस. जन्मभर नदीवर दोर ओढून नाव पार नेलेला माणूस, त्याला वाऱ्यातलं कळत असेल असं समजून मी गप्प बसलेय.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, आणि केस नीट होते का ते पाहून कळव.

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाहिलं बाई, पाहिलं! पेशंट ताटकळत बसतात त्या हॉलमधल्या टीव्हीवर पाहिलं. शिवणखोलीतल्या सगळ्या बायका मशिनी सोडून आल्या होत्या, आणि मोठ्या नर्सबाई ओरडायला म्हणून आल्या त्याही बघतच राहिल्या. मला आवाजाचा काही उपयोग नाही, म्हणून मी डोळे फाडून बघत होते. तू अंधाऱ्या जिन्यात उभी, आणि एकदम तुझ्या तोंडावर उजेड आला. त्या वेळी मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. केस ठीक होते. एक बट कानावर आली होती, पण ती तुझ्या जन्मापासूनच ऐकत नाही.

आता जरा तुझी खोडी काढते. गच्चीवर चक्र गरगर फिरतंय आणि त्याच्या मागे माझी चादर इस्त्री करून चिकटवल्यासारखी उभी! चादरी हा माझा धंदा आहे, बये. एवढ्या वाऱ्यात ती चादर शेजारच्या गच्चीवर जायला हवी होती. खळ घातली होतीस की काय? आणि दुसरं म्हणजे तो दिवा. एकदा भरून यायचा, मग मंद व्हायचा, पुन्हा भरून यायचा, अगदी ठेक्यात. वारा असा ठेका धरतो हे मला माहीत नव्हतं.

बाबा कुठेच दिसले नाहीत ते? ज्यांच्यासाठी सगळं केलंस त्या आजोबांना जरा पुढे बसवायचंस. त्यांची तब्येत कळव. ताईला म्हणावं, टाकीचा रंग छान आला.

मायेने लिहीत राहा, मी वाट बघत असते.

तुझी,
मावशी


२८ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी खोडी माझ्या चांगलीच अंगाशी आली. पत्र वाचून मी तो कार्यक्रम पुन्हा बघितला. चादर खरंच हलत नव्हती. शूटिंगच्या वेळी मी जिन्यात होते, गच्चीवर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. दिवा लागला, मला वाटलं वारा आला.

आईला विचारलं तर ती आधी कामात असल्याचं नाटक करत राहिली. मग सगळं बाहेर आलं. चष्मेवाल्या बाई सकाळपासून ताटकळल्या होत्या, सामान आवरायला लागल्या होत्या. तेव्हा आजोबाच आईला म्हणाले की मला टाकीमागे बसव. सायकलच्या चाकावरून कपडे वाळत घालायची दुसरी दोरी गोल फिरवून त्यांनी टाकीमागे घेतली, आणि एकट्या उजव्या हाताने ती ओढत बसले. ओढायची, गुडघ्याखाली दाबून धरायची, पुन्हा हात पुढे टाकून ओढायची. नावेचा दोर ओढायचे तसंच. तो ठेका वाऱ्याचा नव्हताच, मावशी. मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही. आजोबा मात्र मिश्कील हसत होते. म्हणाले, आपण मिळून केलं असं समज.

पण खरं लिहायचंय ते पुढेच आहे. रविवारी दुपारी वीज गेलेली होती. बाहेर पान हलत नव्हतं. मी जिन्यातून वर येत होते आणि एकदम सगळे दिवे लागले. मी धावत गच्चीवर गेले. चादर लोंबत होती आणि चक्र फिरत होतं. टाकीमागे कोणी नव्हतं. दोरी तर आईने कधीच काढून आजोबांच्या खोलीत खुंटीला लावलीय. मी तिथे उभी राहून चाकाभोवती हात फिरवून पाहिला, काहीच लागलं नाही. वेग वाढायचा, कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा.

खाली आले तर आजोबा खुर्चीत झोपले होते. तोंड उघडं, मान कलंडलेली, आणि त्यांचा उजवा हात हवेत पुढे जात होता, मूठ वळत होती, छातीपाशी येत होता. पुन्हा पुढे जात होता. मी हाक मारली नाही. का मारली नाही ते सांगता येत नाही, घाबरले होते इतकंच. थोड्या वेळाने हात मांडीवर पडला आणि जिन्यातले दिवे गेले.

आईला सांगितलं तर ती म्हणते, म्हातारपणी हात थरथरतात. तुला काय वाटतं ते लवकर लिही. माझ्यावर माया आहे ती आजोबांवरही थोडी पाठव.

तुझी,
भिंगरी


५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भिंगरी तुला काय काय लिहिते ते मला ठाऊक आहे. तिला खतपाणी घालू नकोस. पोरीने भंगार उपसून, हात सोलून घेऊन ते चक्र उभं केलं. रोज वारा असतो आणि नेमका त्या दिवशी नव्हता, यात तिची काय चूक? त्या लोकांना तसंच परत पाठवायचं होतं का मी? बाबा आपण होऊन बसले. मी नको म्हटलं होतं, हे लक्षात ठेव.

आता घरी माणसांची रीघ लागलीय. एका संस्थेने तिला बक्षीस जाहीर केलंय, शाळेने तिचा फोटो दारात लावलाय. गल्लीतले लोक तर आमच्यावर खूश आहेत, कारण हल्ली वारा असो नसो, जिन्यात दिवे असतातच. समोरच्या इमारतीतले फोन चार्ज करायला येतात. कोणी विचारत नाही की वारा नसताना कसं काय. मीही विचारत नाही.

बाबांच्या हाताला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. वय झालं की नसा अशा वागतात, म्हणाले. जेवतानाही हात जागेवर राहत नाही म्हणून मी भरवते. दुपारी त्यांच्या खोलीचं दार मी ओढून घेते. खुंटीवरची ती दोरी हलताना मला बघवत नाही.

असो. तू तुझ्या प्रकृतीला जप, आणि या घरावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
ताई


९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी खात्री करून घेत होते. उगाच तुझ्या डोक्यात काही भरवायचं नव्हतं. पण तुझ्या आईचं पत्र आलं आणि मी हसणं बंद केलं.

तू म्हणतेस त्या रविवारी दुपारी मी हॉलमध्ये चादरींचे गठ्ठे पोचवायला गेले होते. टीव्हीवर तूच होतीस. पुन्हा दाखवत होते. जिना, तू, दिवा, गच्ची, चक्र. मी कौतुकाने उभी राहून बघितलं, भिंगरे, आणि तिकडे बाबा खुर्चीत दोर ओढत होते. हा योगायोग असेल तर फार बरं होईल. येत्या रविवारी चहाच्या वेळी पुन्हा दाखवणार आहेत, पाटी येते खाली. तेव्हा तू बाबांजवळ बस. त्यांच्या हातावर हात ठेव आणि काय होतं ते मला कळव.

तुझे आजोबा नावेवर होते तेव्हा मी तुझ्याएवढीही नव्हते. पलीकडच्या काठावर कोणी येऊन नुसतं उभं राहिलं, नावेकडे बघायला लागलं, की ते ताटावरून उठायचे. आमची आई चिडायची. म्हणायची, हाक तरी मारू दे त्याला. ते म्हणायचे, बघतोय ना, मग ओढायला नको? पूल झाला आणि नाव बंद पडली, तेव्हा आम्हाला वाटलं सुटले.

या रविवारी मी त्या हॉलमध्ये पाऊलही टाकणार नाही. बाबांना माझा नमस्कार सांग. धीर धर, आणि मला सगळं लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
मावशी


२० मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

योगायोग नाही. शेजारच्यांकडे कार्यक्रमाचं संगीत सुरू झालेलं भिंतीतून ऐकू आलं, आणि माझ्या हाताखालचा आजोबांचा हात उठला. मी दोन्ही हातांनी धरला तर मलाच खुर्चीवरून ओढून नेलं. एवढा जोर त्यांच्यात कुठून आला? ते जागे होते. माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे हसले आणि म्हणाले, गर्दी फार आहे गं पलीकडे.

ते टीव्हीपुरतंच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण वाहिनीने त्यातला गच्चीवरचा तुकडा फोनवर सोडला. आता तो सगळ्यांकडे आहे. भाजीवाल्याकडे आहे, वर्गातल्या मुलींकडे आहे, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तो बघून मला शाबासकी देतात. कोणी ना कोणी सारखं बघतच असतं. आजोबांचा हात आता थांबत नाही. खांदा सुजलाय. झोप लागते ती हात चालू असतानाच लागते. चक्राच्या चाकातले छर्रे झिजले, ते किंचाळत फिरतं. मी एकदा ते दोरखंडाने बांधून टाकलं, तेव्हा खाली आजोबा असे कण्हले की आईनेच वर धावत येऊन गाठ सोडली. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली आणि माझं चुकलं म्हणाली. मी तिला मिठी मारली. तिचं एकटीचं चुकलं असं मला वाटत नाही. उजेड हवा म्हणून हट्ट माझा होता.

मी चष्मेवाल्या बाईंना फोन करून हात जोडले की तो तुकडा काढून टाका. त्या चांगल्या आहेत गं, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आम्ही काढला तरी लोकांकडे राहणारच. कुठलाही व्हिडिओ असा जात नाही, त्याच्यापेक्षा चांगला दुसरा आला की लोक पहिला विसरतात.

मला आजोबांना सोडवायचं आहे, मावशी, बाकी काही नको. बक्षीस नको आणि टीव्हीही नको. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर त्यांचं हृदय फार टिकणार नाही. मला एक सुचलंय. बाईंना मी पुन्हा बोलावलंय. सगळं खरं सांगणार आहे, आणि ते कसं केलं होतं ते करूनही दाखवणार आहे. दोरी मी खुंटीवरून काढून ठेवली.

आशीर्वाद असू दे. या वेळी जरा जास्त लागेल.

तुझी,
भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

घाईत लिहितेय. खरं सांग, हवं तितकं सांग, पण त्या टाकीमागे बसू नकोस. करून दाखवू नकोस. तुझ्या लक्षात येत नाही का, तुझ्या आजोबांनी तरी दुसरं काय केलं होतं? कॅमेऱ्यासमोर त्या दोरीला हात लावू नकोस. लावायचाच झाला तर मी लावीन, माझं आयुष्य मशिनीपुढे गेलंय, माझ्या हाताला सवय आहे.

रजा मागितलीय, शनिवारच्या गाडीने निघते. तोवर बाईंना घरात घेऊ नकोस. ताईला हे पत्र दाखव. माझं एवढं ऐक, पुन्हा काही मागणार नाही.

तुझी,
मावशी


२६ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तोवर सगळं होऊन गेलं होतं. रागावू नकोस. आधी चांगली बातमी ऐक. आजोबांचा हात थांबला. दुलईवर नुसता पडून असतो, मऊ, एखाद्या लहान मुलाचा असावा तसा. काल ते आपल्या हाताने जेवले आणि मग इतके गाढ झोपले की आई सारखी उठून श्वास बघत होती. आज संध्याकाळी मला म्हणाले, पलीकडे कोणी उरलं नाही, सगळे गेले. जिन्यातून एकटे खाली उतरून गल्लीत जाऊन आले. जिन्यात दिवे होते.

बाई येऊन गेल्या. मी कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं, चादरसुद्धा दाखवली. मग टाकीमागे बसले, चाकावरून दोरी घेतली, आणि आजोबांनी ओढली तशीच एकट्या उजव्या हाताने ओढून दाखवली. दोन्ही हातांनी केलं असतं तर ते खरं झालं नसतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, हे आधीच्यापेक्षा कितीतरी चांगलं झालंय. आणि तसंच झालं. इतकी खरी मुलगी पाहिली नाही म्हणून लोक एकमेकांना पाठवतायत. आजोबांचा तुकडा आता कोणी बघत नाही. भाजीवाल्याने तर तो काढून माझा ठेवलाय.

भीती वाटते का विचारशील. वाटते. पण आजोबा अधू हात घेऊन एकटे ओढत होते, माझा खांदा अजून चांगला आहे. चाकात नवीन छर्रे घातले, आता आवाज करत नाही. केस हल्ली आईच बांधून देते. ती एकाएकी फार मऊ झालीय. तू शनिवारी येतेस हे वाचून तिच्या जिवात जीव आला. येच. पण दोरीला हात लावायची भाषा करू नकोस, आणि स्टेशनवर माझ्याबद्दल कोणाशी बोलू नकोस, नाहीतर ते फोन काढतील.

लोभ आहे हे मला न सांगता कळतं, तरी लिहीत जा.

तुझी,
भिंगरी

ता. क. अक्षर पाहून हसू नकोस, डाव्या हाताने लिहिलंय. उजवा मोकळा नाही. आणि मावशी, निघायच्या आधी हॉलमधल्या टीव्हीवर मी दिसलेच, तर तेवढ्यापुरती मान फिरव. तेवढाच हाताला विसावा.